बर्फ पडला, पण कधी?

गुलमर्गचा व्हिडिओ आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतोच. पांढरीशुभ्र झाडं, बर्फात लोळणारे पर्यटक, मागं गाणं आणि खाली "अखेर काश्मीरमध्ये बर्फ आला!" मग त्याच्यावर बदाम, अंगठे, "स्वर्ग" वगैरे. एका वर्षी असाच व्हिडिओ फेब्रुवारी संपता संपता आला. सगळ्यांचे बदाम पडून झाल्यावर आमच्यातल्या एका जुन्या बागायतदार काकांनी एवढंच लिहिलं, "आत्ता आला होय? मग चार दिवस आपलं काही खरं नाही. माल उतरवायचा असंल त्यांनी उतरवून घ्या."

ग्रुपवर शांतता.

ज्यांच्या घरी बाग नाही त्यांना या वाक्याचा अर्थ लागणार नाही, म्हणून ही पोस्ट. थोडी लांब होईल. चहा घेऊन बसा.

आधी हे दोन प्रदेश एकमेकांना कुठं जोडलेत ते सांगतो. हिमालयात हिवाळ्यात जो बर्फ पडतो, तो बहुतांश पश्चिमी झंझावातांमुळं. भूमध्य समुद्राच्या बाजूनं इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत ही वाऱ्यांची प्रणाली येते आणि हिमालयाला धडकून बर्फ-पाऊस देते. ती पुढं सरकली की उत्तरेचे गार वारे मोकळे सुटतात आणि आपल्याकडं निफाड-दिंडोरीला पारा पडतो. म्हणजे काश्मीर-हिमाचलात डिसेंबर-जानेवारीत वेळेवर बर्फ पडला तर इकडं वेळेवर थंडी. हरभऱ्याला बरी, गव्हाला बरी. द्राक्षाला जास्त झाली तर वाईट, पण ते दुखणं ओळखीचं आहे. पारा पाचच्या खाली गेला की पहाटे बागेत शेकोट्या करायच्या, ड्रिप चालू ठेवायचं, मण्यांवर गुलाबी छटा येऊ नये म्हणून घडांना कागद लावायचे. हे आमच्याकडची शाळकरी पोरंसुद्धा सांगतील.

आता हेच झंझावात डिसेंबरात न येता फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये आले तर? तोवर आपल्याकडं ऊन तापलेलं असतं, जमीन तापलेली असते, समुद्रावरून बाष्प यायला लागलेलं असतं. वरून गार हवा, खालून तापलेली दमट हवा. मग ढग बांधतात आणि गारा पडतात. बागेत तेव्हा साखर भरलेला, उतरवायला आलेला माल उभा असतो. तिकडं ज्याला "अखेर बर्फ आला" म्हणतात, त्याच पाहुण्याचं इकडचं रूप हे असं असतं. दर वेळी होईलच असं नाही. पण २०१४ ला फेब्रुवारी अखेर ते मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि आपल्या जिल्ह्यात जी गारपीट झाली ती कुणी विसरलेलं नाही. २०२३ च्या मार्चमध्ये होळीच्या दिवसांत जे झालं तेही ताजं आहे. गहू आडवा, कांदा सडला, आणि द्राक्षाचे मणी तडकून बागेत आंबूस वास. आमच्याकडं त्या वर्षी होळीला पोळ्या झाल्या, पण घशाखाली उतरल्या नाहीत.

तर मुद्दा असा, की बर्फ "पडला की नाही" हा प्रश्नच अर्धवट आहे. कधी पडला आणि किती दिवस टिकला, हे विचारायला पाहिजे. आणि हा प्रश्न आपली सरकारी आकडेवारी, आपल्या बातम्या आणि आपला पीक विमा, तिघंही विचारत नाहीत.

२०२५ चंच वर्ष घ्या. जानेवारी आणि फेब्रुवारीचे बरेचसे दिवस काश्मीर कोरडं होतं. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलान' म्हणतात. कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. त्यानंतर वीस दिवसांची छोटी चिल्लई आणि मग दहा दिवसांची पिल्लू चिल्लई. बर्फाची खरी कमाई त्या पहिल्या चाळीस दिवसांतली. तीच त्या हिवाळ्यात बुडाली. गुलमर्गला २२ फेब्रुवारीपासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा व्हायच्या होत्या, त्या बर्फच नाही म्हणून पुढं ढकलल्या. अनंतनाग जिल्ह्यात अच्छाबल नावाची मुघल काळातली बाग आहे, तिथला झरा फेब्रुवारीत आटला. झरा, आणि तोही काश्मीरमध्ये, आणि फेब्रुवारीत! शेकडो वर्षं ज्या पाण्यावर बाग उभी आहे आणि आसपासच्या गावांची तहान भागते, तिथं लोक कोरड्या दगडांचे फोटो काढत होते. तो फेब्रुवारी देशाच्या सरासरी तापमानाच्या हिशेबात १९०१ पासूनचा सगळ्यात गरम फेब्रुवारी ठरला.

आणि त्याच फेब्रुवारीच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत सगळं एकदम आलं. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, सगळीकडं धो धो बर्फ. २८ फेब्रुवारीला बद्रीनाथजवळच्या माणा गावाशी हिमस्खलन झालं. रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या सीमा सडक संघटनेच्या कामावरचे ५४ मजूर त्यात अडकले. लष्करानं आणि बाकीच्यांनी जिवाची बाजी लावून ४६ जणांना बाहेर काढलं. आठ जण गेले. पत्र्याच्या कंटेनरमध्ये राहणारी माणसं होती ती. माणा गावातले लोक हिवाळ्यात गाव बंद करून खाली उतरतात, वर राहतात ते हे मजूर आणि जवान. इतक्या बर्फात त्यांना वर राहू द्यायला हवं होतं का, हा प्रश्न तेव्हा दोन दिवस चर्चेत होता. मग आपण पुढच्या बातमीकडं गेलो.

गुलमर्गच्या स्पर्धा ९ ते १२ मार्चला झाल्या. पदकं वाटली, फोटो आले. बातमी झाली की बर्फाची तूट बऱ्यापैकी भरून निघाली.

या "भरून निघाली"शी माझं भांडण आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही बागायतदार हिमाचलला सफरचंदाच्या बागा बघायला गेलो होतो. शिमल्याच्या वर, ठियोगच्या पुढं एका बागवानाकडं उतरलो. साठीचा माणूस, हातात कायम कात्री. तेव्हापासून त्यांचा-माझा फोन चालू आहे. ते मला "भाईसाहब" म्हणतात आणि मी त्यांना. त्यांना मी विचारलं होतं, की मार्चमध्ये एवढा बर्फ पडला, आता तरी बरं वाटत असेल? तर हसले. म्हणाले, "जानेवारीचा बर्फ एप्रिलपर्यंत आमच्याकडं राहतो. मार्चचा बर्फ म्हणजे पाणीच हो, फक्त पांढरं."

नंतर त्यांनी जे समजावलं ते असं. डिसेंबर-जानेवारीत पडलेल्या बर्फाला सूर्य कमी, रात्री मोठ्या. तो गोठतो, दबतो, त्याच्यावर दुसरा थर बसतो. मग हळूहळू पाझरतो, जमिनीत मुरतो, झऱ्यांना जातो. डोंगरातले लोक त्याला पांढरं खत म्हणतात ते उगाच नाही. ओल टिकते आणि थंडीनं किडीचाही बंदोबस्त होतो. मार्चच्या बर्फाला खालून तापलेली जमीन आणि वरून चढलेलं ऊन. चार दिवसांत नाल्यातून वाहून मोकळा. मोजमापात दोन्ही सारखेच, तितकेच मिलिमीटर. झऱ्याच्या हिशेबात दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक.

दुसरी गोष्ट सफरचंदाच्या झोपेची. आपल्या द्राक्षाला ऑक्टोबर छाटणी लागते तशी सफरचंदाला थंडी लागते. त्यांच्या जुन्या जातीला, रॉयल डिलिशसला, सात अंशांच्या खालचे हजार ते बाराशे तास लागतात. ते तास हिवाळ्यात झाले तरच झाड नीट झोपतं आणि नीट जागं होतं. तास कमी पडले तर फुलोरा एकसारखा येत नाही. एक फांदी फुललेली, शेजारची डोळे मिटून. परागीकरणासाठी मध्ये लावलेली दुसऱ्या जातीची झाडं भलत्याच वेळी फुलतात. आणि त्याच वेळी मार्च-एप्रिलमध्ये उशिराचा बर्फ किंवा गार पाऊस आला की मधमाश्या पेटीबाहेर पडत नाहीत. हे लोक फुलोऱ्यासाठी मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणतात, आपल्याकडं डाळिंबवाले आणतात तसंच. भाडं तर द्यावंच लागतं, माशी उडो न उडो.

म्हणजे हिवाळ्यात हवी होती ती थंडी आलीच नाही, आणि वसंतात नको होती ती आली. कागदावर बेरीज केली तर थंडी "सरासरीइतकी".

आपल्या हवामान खात्याची एक रीत आहे. पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त असेल तर तो "सामान्य" म्हणायचा. देशभराचा अंदाज बांधायला हे ठीक आहे, मी काही शास्त्रज्ञ नाही आणि खात्यातल्या लोकांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण मोसमाची एकच बेरीज करून खाली "सामान्य" लिहिलं की त्या शब्दाखाली काय काय गाडलं जातं ते बघा. दोन महिने कोरडे आणि चार दिवस महापूर, बेरीज सामान्य. परीक्षेत एका पेपरला शून्य आणि दुसऱ्याला शंभर मिळवणाऱ्या पोराला आपण "मध्यम हुशार" म्हणत नाही. त्याच्या घरी जाऊन विचारतो, काय झालं रे बाबा?

आणखी एक गंमत. खात्याच्या वर्षात वसंत ऋतूच नाही. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व, जून ते सप्टेंबर मान्सून, ऑक्टोबर ते डिसेंबर मान्सूनोत्तर. पंचांगात चैत्र-वैशाख वसंत आहे, वसंत पंचमी माघातच येते, पण दफ्तरात २८ फेब्रुवारीला हिवाळा आणि १ मार्चला थेट उन्हाळ्याची तयारी. त्यामुळं सगळी घालमेल ज्या सहा आठवड्यांत होते, ते सहा आठवडे बरोबर दोन खात्यांच्या मधल्या बांधावर पडतात. बांधावरचं झाड कुणाचं, यावर भावाभावांत कोर्टकज्जे होतात. इथं तर विचारणाराच नाही.

हे ओळखणाऱ्या संस्था आहेत, नाही असं नाही. काठमांडूला 'इसिमोड' म्हणून संस्था आहे, हिमालयाच्या आठ देशांची मिळून. ती बर्फ किती पडला यापेक्षा किती टिकला हे मोजते. पडल्यानंतर जमिनीवर तो किती काळ राहिला ते. त्यांच्या २०२५ च्या अहवालात नोव्हेंबर ते मार्च या काळातलं बर्फाचं टिकणं नेहमीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी निघालं. २३ वर्षांतलं सगळ्यात कमी, आणि सलग तिसऱ्या वर्षी कमी. आता हा आकडा आणि "तूट भरून निघाली" ही बातमी शेजारी ठेवा. दोन्ही एकाच हिवाळ्याच्या आहेत. गंगेच्या खोऱ्यात ही घट २४ टक्क्यांच्या पुढं होती. त्या पाण्यावर किती कोटी लोक जगतात हे मी सांगायला नको.

झंझावातांच्या वेळेबद्दलही अभ्यास आहेत. इंग्लंडच्या रीडिंग विद्यापीठातल्या किरन हंट यांनी २०२४ साली सत्तर वर्षांच्या नोंदी तपासून मांडलं, की या झंझावातांचा मोसम लांबत चाललाय. पूर्वी जे हिवाळ्यापुरते होते ते आता उन्हाळ्यात, पार जूनपर्यंत येताना दिसतात. कारण उंचावरून वाहणारा जो जोरदार पश्चिमी वारा त्यांना घेऊन येतो, तो उत्तरेकडं सरकायला उशीर करतोय. आमच्या ग्रुपवरच्या काकांनी हा अभ्यास वाचलेला नाही. त्यांनी बाग वाचलीये.

आता कुणी म्हणेल, ऋतू पुढं-मागं पूर्वीही व्हायचे. बरोबर आहे. माझ्या आजीच्या गोष्टींतही अवकाळी आहे, आणि एका वर्षावरून हवामानबदल सिद्ध होत नाही हेही मान्य. मध्ये चांगल्या बर्फाची वर्षंही गेलीत. म्हणूनच लांबच्या नोंदी लागतात, आणि इथं जपानचं उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. क्योटो शहरात साकुरा कधी पूर्ण बहरली याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या सापडतात. दरबारी लोकांच्या रोजनिशा, मठांतली टिपणं, फुलं बघायच्या समारंभांच्या तारखा. यासुयुकी आओनो नावाच्या प्राध्यापकांनी ते सगळं गोळा करून एक यादी केली. म्हणून २०२१ ला २६ मार्चला क्योटोची साकुरा पूर्ण फुलली तेव्हा छातीठोकपणे सांगता आलं, की बाराशे वर्षांत इतक्या लवकर ती कधी फुलली नव्हती. त्याआधीचा विक्रम २७ मार्चचा, आणि त्यातली एक नोंद १४०९ सालची! एका दिवसाचा फरक, पण तो सांगता आला कारण कुणीतरी बसून तारीख लिहिली होती.

आपल्याकडं? उत्तराखंडात बुरांशचं लाल फूल फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलायचं, ते आता काही ठिकाणी जानेवारीतच दिसतं अशा बातम्या येत असतात. मार्चच्या मध्याला तिथं फूलदेई नावाचा फार गोड सण असतो. लहान मुलं पहाटे बुरांश, फ्योंली अशी रानफुलं वेचून घरोघरी उंबऱ्यावर ठेवतात. आपल्या गुढीपाडव्यासारखाच, वसंताचा. फुलं दीड महिना आधी येऊन गळून गेली तर त्या मुलांनी उंबऱ्यावर काय ठेवायचं? मला हा प्रश्न हळवा वाटत नाही. सणाची तारीख म्हणजे त्या डोंगरातली हजार वर्षांची नोंदच आहे, फक्त ती कुणी वहीत न लिहिता पोरांच्या हातात दिलीये. आपल्याकडंही पळस फुलला की होळी आली समजायचं, आंब्याला मोहर आला की थंडी सरत आली समजायचं. पण आपल्या तालुक्यात गेल्या तीस वर्षांत पळस कोणत्या आठवड्यात फुलला, हे मला सांगू शकेल असं एकही सरकारी कार्यालय नाही. 'सीझनवॉच' नावाचा एक उपक्रम आहे, त्यात शाळा आणि सामान्य माणसं झाडांच्या फुलण्याच्या नोंदी पाठवतात. चांगलं काम आहे. पण हे काम काही हौशी लोकांवर सोडून द्यायचं का? गावात कृषी सहाय्यक आहे, तलाठी आहे, शाळा आहे. आठवड्यातून एकदा पाच झाडं बघून एक ओळ लिहायला कुठला निधी मंजूर करून घ्यावा लागतो?

ही नोंद का पाहिजे, तर विम्यासाठी पाहिजे. इथं पैशाचा प्रश्न येतो.

हवामानावर आधारित फळपीक विमा कसा चालतो ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. तुमच्या बागेत किती नुकसान झालं हे बघायला कुणी येत नाही. तुमच्या महसूल मंडळात जे स्वयंचलित हवामान केंद्र आहे, त्याच्या नोंदीवर भरपाई ठरते. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, अमुक अंशांच्या खाली इतके दिवस, किंवा इतक्या मिलिमीटरच्या वर पाऊस. चौकटीत बसलं तर पैसे, नाही तर नाही. गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यायचं, आणि गारा पडल्या की ७२ तासांत कळवायचं. कल्पना वाईट नाही. पंचनाम्यासाठी हात ओले करण्यापेक्षा यंत्र बरं. पण ती चौकट कुठल्या ऋतूवर बेतलीये? जुन्या. थंडी अमुक महिन्यापर्यंत धोक्याची, उष्णता अमुक महिन्यापासून धोक्याची, असं गृहीत धरून. आणि आता थंडी, ऊन, गारा आपल्या तारखा सोडून फिरायला लागल्यात.

२०२३ च्या त्या होळीला आमच्या वस्तीवर अर्धा तास पाऊस झाला, मध्ये पाच-सात मिनिटं गारा. केंद्र आमच्यापासून बऱ्याच अंतरावर, तिथं नुसते शिंतोडे. आमच्या शेजारच्या दादांनी गारपिटीचा जादा हप्ता भरला नव्हता, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणं "आपल्याकडं गारा दहा वर्षांनी एकदा." आणि पावसाच्या चौकटीत आमचं मंडळ बसलं नाही. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो पोरगा बिचारा नीट बोलला. म्हणाला, "काका, मला दिसतंय तुमचं नुकसान झालंय, पण सिस्टिमला दिसत नाहीये." त्या पोरावर माझा राग नाही. त्यानं खरं तेच सांगितलं. दादांनी तो सगळा माल बेदाण्याला दिला, मातीमोल. पुढच्या सालीची छाटणी उधारीवर.

"दहा वर्षांनी एकदा" हा हिशेब शेतकरीही करतो आणि सरकारही करतं. दोघांचाही चुकतोय.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं समजू नका. २०२१ ला फ्रान्समध्ये मार्चच्या शेवटी विक्रमी ऊब होती, द्राक्षवेलींना कोंब फुटले, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दहिवर पडलं. रात्रभर त्यांनी बागांतून हजारो मेणबत्त्या पेटवल्या. ते फोटो जगभर फिरले, लोकांना फार सुंदर वाटले. मला ते बघून निफाडच्या शेकोट्या आठवल्या. फरक एवढाच की त्यांच्याकडं थंडी नेहमीचीच होती, कोंबच लवकर आले होते. ऊब लवकर आली म्हणून गारठ्यानं जास्त मारलं. ही गोष्ट उलटी वाटते पण समजून घेण्यासारखी आहे. वसंत लवकर येणं आणि बर्फ उशिरा येणं ही दोन वेगळी संकटं नाहीत. झाड फसतं ते या दोहोंच्या मध्ये. कोवळ्या कोंबाला जे दोन अंश मारतात, ते झोपलेल्या खोडाला कळतसुद्धा नाहीत.

आणि २०२२ चा मार्च विसरलात का? १९०१ पासूनचा सगळ्यात गरम मार्च. पंजाब-हरियाणात गहू दाणा भरत असताना उन्हानं करपला, दाणा बारीक पडला. १३ मे २०२२ ला केंद्रानं गव्हाची निर्यात बंद केली. म्हणजे एका महिन्याची ऊब थेट दिल्लीच्या अधिसूचनेपर्यंत गेली. तेव्हा सगळ्यांना कळलं की ऋतूची वेळ हा अर्थकारणाचा विषय आहे. मग पुढच्या पावसाळ्यात विसरले.

माझं म्हणणं तीन-चार साध्या गोष्टींचं आहे, त्यातली एक वर आलीच, झाडांच्या तारखांची. हवामान खात्यानं हिवाळ्याचा आढावा देताना मोसमाच्या बेरजेबरोबर वेळही द्यावी. पंधरवड्याप्रमाणं किती आणि बर्फ किती दिवस टिकला. उपग्रह आहेत, माहिती आहे, फक्त ती प्रेस नोटमध्ये येत नाही. राज्य सरकार फळपीक विम्याच्या अटी ठरवतं, त्या तारखा गेल्या दहा वर्षांच्या प्रत्यक्ष हवामानावर पुन्हा बेताव्यात, आणि त्या बैठकीत आमच्या काकांसारखा एखादा माणूस बसवावा. त्याला पीपीटी करता येणार नाही, पण कुठला आठवडा धोक्याचा ते तो बोटानं दाखवेल. आणि गारपीट जादा हप्त्यावर ठेवण्याचे दिवस संपलेत, ती मूळ विम्यात घ्या. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या. आपल्या आमदारांना, खासदारांना पुढच्या वेळी शाल-श्रीफळ देताना हे विचारा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. उशिराचा बर्फही काहींना तारतो. गुलमर्गच्या हॉटेलवाल्यांना, घोडेवाल्यांना, स्लेज ओढणाऱ्या माणसाला मार्चचा बर्फ म्हणजे बुडता बुडता मिळालेला काठ आहे. त्यांच्या आनंदावर मला विरजण घालायचं नाही. जानेवारी २०२४ ला गुलमर्ग उघडं-बोडकं होतं तेव्हा त्यांचे चेहरे टीव्हीवर बघितलेत. काहीजण नवी वाटही काढतायत. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी कमी थंडीत येणारं सफरचंद तयार केलं, एचआरएमएन-९९. त्यांना २०२५ ला पद्मश्री मिळाली. ती रोपं महाराष्ट्रातही लागलीत. ठियोगच्या बागवानाला मी उत्साहानं हे सांगायला गेलो तर म्हणाले, "चांगलंच आहे. पण भाईसाहब, माझं झाड चाळीस वर्षांचं आहे. त्याला मी काय सांगू?"

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. त्यांच्याकडं आभाळ भरून आलं होतं, बर्फ पडेलसं वाटत होतं, आणि खालच्या अंगाच्या दोन झाडांना कळ्या फुगल्या होत्या. बर्फ पडू दे म्हणू की नको, ते त्यांना ठरवता येईना. मी म्हटलं, तुमच्याकडं पडला की मला लगेच कळवा, दोन एकर माल अजून वेलीवर आहे. ते म्हणाले, कळवतो.

फोन ठेवल्यावर मी उतरणीच्या मजुरांच्या मुकादमाला सांगून टाकलं, सोमवारच्या ऐवजी शनिवारीच या. भाव दोन रुपये कमी मिळेल. मिळू दे.